नाव झाकलेले छायाचित्र : एका खेळाची समीक्षा

खालचे नाव झाकलेले एक छायाचित्र समोर ठेवायचे आणि विचारायचे : हा पूल कोणता? हा मनोरा कुठला? खेळ इतका साधा आहे. कोजागरीच्या रात्री, गणेशोत्सवातील स्पर्धांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि घरोघरी जेवणानंतरच्या बैठकीत तो खेळला जातो. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांत तर नाट्यप्रवेश आणि भावगीते यांच्या मधल्या वेळेत श्रोत्यांना जागे ठेवण्याचे काम अनेकदा याच खेळाकडे येते. त्याला साहित्य कोणी म्हणणार नाही. समीक्षेच्या पानांवर त्याची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येणेही स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जो प्रकार पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खेळला जातो, त्यात चांगले काय आणि वाईट काय हे पारखण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावयास हवी. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

कोड्याचा विचार आपल्या काव्यशास्त्राला परका नाही. दण्डीने काव्यादर्शात प्रहेलिकेचे सोळा प्रकार दिले आहेत आणि पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका मानल्याचीही नोंद केली आहे. प्रहेलिकेचे उपयोग त्याने सांगितले ते असे : रसिकांच्या गोष्टीत करमणूक, गर्दीतही जाणत्यांना आपसांत गुप्तपणे बोलता येणे, आणि समोरच्याला संभ्रमात टाकणे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने मात्र प्रहेलिका रसाच्या आड येते, या कारणासाठी तिला अलंकारांच्या पंक्तीत बसू दिले नाही. ते केवळ उक्तीचे वैचित्र्य आहे, असा त्याचा निर्णय. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांत प्रहेलिकेला स्थान आहे ते वेगळेच. म्हणजे एक आचार्य तिच्यात बरे-वाईट निवडतो, दुसरा तिला दाराबाहेर उभी करतो, आणि तिसरा तिला नागरकाच्या शिक्षणाचा भाग मानतो.

छायाचित्रातील कोड्याला हीच तीन मते लावून पाहता येतात. दण्डीच्या वाटेने गेल्यास विचारावे लागेल, की सुष्ट चित्रकोडे कोणते आणि दुष्ट कोणते. विश्वनाथाच्या वाटेने गेल्यास त्याहून अवघड प्रश्न येतो : उत्तर शोधण्याची ही धडपड मूळ वस्तूच्या दर्शनाच्या आड येते काय? आम्ही दोन कसोट्या योजतो. पहिली, उत्तराची खूण चित्रातच असली पाहिजे. दुसरी, उत्तर सापडल्यावर ती वस्तू आपल्याला पूर्वीपेक्षा अधिक दिसली पाहिजे. पहिल्या कसोटीला उतरणारी कोडी पुष्कळ मिळतात. दुसरीला उतरणारी थोडी, आणि खेळाची खरी किंमत त्यांच्यावर ठरते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरणापासून सुरुवात करू. दोन उंच, टोकदार, दगडी मनोरे आणि त्यांच्यामध्ये उचलला जाणारा रस्ता, असे टेम्स नदीवरील चित्र दाखवले, की सभेतील निम्मे लोक ‘लंडन ब्रिज’ म्हणून ओरडतात. उत्तर चूक असते. तो टॉवर ब्रिज होय. १८९४ मध्ये तो खुला झाला. लंडन ब्रिज थोडा वरच्या अंगाला आहे, आणि १९७३ मध्ये खुला झालेला तो आजचा पूल दिसावयास इतका साधा आहे, की त्याचे छायाचित्र कोणी कोड्यात घालत नाही. त्याच्या आधीचा, १८३१ चा दगडी पूल १९६८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मॅक्‌कलक या उद्योजकाला विकला गेला. दगडांवर क्रमांक घालून ते समुद्रापार नेण्यात आले आणि १९७१ मध्ये ॲरिझोनातील लेक हावासू येथे काँक्रीटच्या सांगाड्यावर ते पुन्हा चढवण्यात आले. विकत घेणाऱ्याला आपण टॉवर ब्रिजच घेतो आहोत असे वाटले होते, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. संबंधितांनी ती वेळोवेळी नाकारली, तरी ती मरत नाही. ती टिकून आहे याचे कारण आम्हांस असे दिसते, की सभेतील निम्म्या लोकांची तीच गत झालेली असते आणि एका धनिकाचीही झाली असावी, ही कल्पना त्यांना सुखावते.

या कोड्यात चकवा कोठे आहे? तो चित्रात नाही, नावात आहे. शहराचे नाव आणि पुलाचे नाव एकच असल्याने सर्वांत देखण्या पुलाला ते आपोआप चिकटते. असे कोडे आम्ही मध्यम प्रतीचे मानतो. सोडवणाऱ्याच्या हाती शेवटी एक दुरुस्त केलेले नाव उरते. त्याच चित्राविषयी वेगळा प्रश्न विचारला असता तर ते अधिक उंचीला गेले असते. उदाहरणार्थ : हे मनोरे कशाचे? पाहणारा म्हणेल, दगडाचे. वास्तविक आतला सांगाडा पोलादाचा आहे आणि दगड हा वरून नेसवलेला पोशाख आहे, शेजारच्या जुन्या किल्ल्याशी मेळ बसावा म्हणून. एवढे कळल्यावर तेच छायाचित्र दुसऱ्यांदा पाहावेसे वाटते.

याहून चांगले कोडे पोर्तुगालच्या राजधानीत सापडते. लाल-नारिंगी रंगाचा, दोन मनोऱ्यांवर तोललेला लांबलचक झुलता पूल दाखवला, की उत्तर ठरलेले असते : सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट. परंतु चित्र लिस्बनचे असते. टागस नदीवरील हा पूल १९६६ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझार यांचे नाव होते. १९७४ च्या क्रांतीनंतर त्या क्रांतीची तारीख, २५ एप्रिल, हेच त्याचे नाव झाले. येथे रंग फसवतो. पण ज्याची नजर रंगापाशी थांबत नाही, त्याला चित्रातच उत्तर आहे. गोल्डन गेटच्या मनोऱ्याचे दोन पाय रस्त्याच्या वरच्या भागात आडव्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत. मधल्या चौकटी मोकळ्या, जणू एकावर एक ठेवलेल्या दारांसारख्या. लिस्बनच्या मनोऱ्यात मात्र तिरप्या पट्ट्या एकमेकींना छेदून फुल्या करतात. ही फुल्यांची रचना सॅन फ्रान्सिस्कोच्याच दुसऱ्या पुलाची, म्हणजे ऑकलंडकडे जाणाऱ्या १९३६ च्या बे ब्रिजची आठवण करून देते. चुलत भाऊ मानावयाचा तर तो हा. रंगामुळे आपण भलत्याच घराकडे बोट दाखवतो. शिवाय पैलतीरावर हात पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा दिसत असेल, तर संशयाला जागाच राहत नाही. तो १९५९ पासून तेथे आहे.

हे कोडे पहिल्या कसोटीला पूर्णपणे उतरते, कारण प्रत्येक खूण चित्रात आहे. दुसरीलाही उतरते, कारण फुल्या आणि चौकटी यांतला भेद एकदा डोळ्यांत बसला, की पुढे प्रत्येक झुलत्या पुलाचा मनोरा माणूस नीट पाहू लागतो. आणखी एक गुण सांगावयास हवा, तो आमच्या गोमंतकीय वाचकांना विशेष रुचेल. अनेक गोव्याच्या घरांत लिस्बनहून आलेली छायाचित्रे आहेत आणि मागे तारीख नाही. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता डिसेंबर १९६१ मध्ये संपली. हा पूल त्यानंतरचा. म्हणजे नदीवर अखंड पूल दिसत असेल तर छायाचित्र १९६६ किंवा त्यानंतरचे, आणि रस्त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी जाताना दिसत असेल तर १९९९ किंवा त्यानंतरचे, कारण रूळ त्या वर्षी सुरू झाले. ‘हे काय आहे’ या प्रश्नातून ‘हे केव्हाचे आहे’ हा प्रश्न निघतो, आणि खेळाची पातळी तेथेच वर चढते.

मांडवीच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्नच मुख्य ठरतो. पणजीजवळच्या पात्रावर १९७० मध्ये पूल झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. पुढे दोन समांतर पूल झाले आणि २०१९ मध्ये तारांनी तोललेला तिसरा, अटल सेतू, त्यांच्या डोक्यावरून गेला. ‘चित्रात पूल नाही, म्हणून ते १९७० पूर्वीचे’ असे घाईने म्हणणारा फसू शकतो, कारण १९८६ नंतरही काही काळ तेथे अखंड पूल नव्हता. शिवाय ‘अटल सेतू’ हे नाव २०२४ पासून मुंबईच्या समुद्रावरील एकवीस किलोमीटरहून लांब पुलालाही आहे. तेव्हा केवळ नाव सांगून गुण घेऊ पाहणाऱ्याला नदी की समुद्र, हेही सांगावे लागेल.

तिसरे उदाहरण कमानींचे. सिडनी बंदरावरील १९३२ चा पूल, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील टाइन नदीवरचा १९२८ चा पूल आणि न्यूयॉर्कचा त्याहून जुना हेल गेट रेल्वेपूल ही तीन चित्रे शेजारी ठेवली, तर एकाच कुटुंबातील माणसे बसल्यासारखी वाटतात. सिडनीची कमान ५०३ मीटर, टाइनची त्याच्या एक तृतीयांशाहून कमी; पण छायाचित्रात माणसाचे वा जहाजाचे माप नसेल तर हा फरक कळत नाही. दोन्ही पूल डॉर्मन लाँग या एकाच कंपनीने बांधले. न्यूयॉर्कच्या कमानीची वरची कड टोकांशी पुन्हा किंचित वर वळते, हा तिचा चेहरा. सिडनीची खूण म्हणून सगळे चार भव्य दगडी मनोऱ्यांकडे बोट दाखवतात. गंमत अशी, की कमानीचा भार त्या मनोऱ्यांवर नाहीच. तो कमानीच्या पायथ्याशी असलेल्या बिजागऱ्यांतून जमिनीत जातो. मनोरे नसते तरी पूल उभा राहिला असता. पाहणाऱ्याला आधाराचा भरवसा वाटावा म्हणून ते उभे केले. सिडनीचा पूल ओळखला जातो तो, अशा रीतीने, ज्याचा त्याच्या उभे राहण्याशी संबंध नाही त्या भागावरून. प्रसिद्धीची पारख करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट हावडा पुलाकडे पाहावे. फेब्रुवारी १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, तो खुला झाला. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद त्यात आहे आणि त्यातील बहुतांश टाटांच्या कारखान्यातून आले. त्याचे रूप म्हणजे त्याचे कामच आहे : दोन तीरांवरून दोन बाहू पुढे येतात आणि मधला भाग हातात धरतात. शोभेसाठी वेगळे काही लावलेले नाही. त्याच हुगळीवर १९९२ मध्ये विद्यासागर सेतू झाला. दोघांचा मुख्य गाळा जवळपास तेवढाच, सुमारे ४५७ मीटर. तेच अंतर, तीच नदी, तेच शहर. परंतु एकात पोलादाचे रान माजल्यासारखे दिसते आणि दुसऱ्यात मनोऱ्यावरून पंख्यासारख्या पसरलेल्या तारा. हे जोडचित्र दाखवून ‘कोणता कोणता’ एवढेच विचारणे म्हणजे हातातील मोती दाण्याच्या भावाने विकणे होय. विचारावयाचे ते असे : भार कोठून कोठे जातो? पहिल्यात बाहूंच्या वरच्या कडेत ताण आहे आणि खालच्या कडेत दाब. दुसऱ्यात ताण सगळा तारांकडे आणि दाब मनोऱ्याकडे सोपवला आहे. अभियांत्रिकी न शिकलेल्या माणसालाही हे चित्रावर बोट ठेवून समजावता येते. समजल्यावर पूल म्हणजे नदीवरची शोभा न राहता एक युक्तिवाद होतो.

येथवर आम्ही खेळाच्या बाजूने बोललो. आता विश्वनाथाचा आक्षेप. तो असा मांडता येईल : या खेळात माणूस वास्तू ओळखतच नाही, तो पूर्वी पाहिलेले छायाचित्र ओळखतो. प्रत्येक प्रसिद्ध वास्तूचा एक ठराविक कोन ठरून गेला आहे. ताजमहाल समोरून, जलाशयातील प्रतिबिंबासह. हावडा पूल तिरकस, खाली नौका. इंदूरचा राजवाडा चौकातून, सातही मजले दिसतील असा. त्याच राजवाड्याची मागची बाजू दाखवली, १९८४ च्या आगीत जळालेली आणि पुढे पुन्हा उभारलेली, तर इंदूरकरही क्षणभर थबकतील. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, हे रोज तेथून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी मोजून पाहिले आहे? पुलांच्या बाबतीत हा आक्षेप अधिकच लागू पडतो. पुलाचे प्रसिद्ध चित्र नेहमी तीरावरून किंवा पाण्यावरून घेतलेले असते. जो पुलावरून जातो, त्याला तो पूल तसा कधीच दिसत नाही. त्याला कठडा, दिव्यांचे खांब आणि पुढच्या गाडीची पाठ दिसते. आयफेल मनोऱ्याविषयी रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ मध्ये लिहिताना मोपासाँची जी आख्यायिका सांगितली, ती येथे आठवते : तो लेखक मनोऱ्यावरच्या उपाहारगृहात जेवावयास जाई, कारण पॅरिसमध्ये तेवढ्याच जागेवरून मनोरा दिसत नसे.

हा ठराविक कोन आला कोठून? आपल्या भागापुरते उत्तर शोधावयाचे तर राजा दीनदयाळ यांच्याकडे वळावे लागते, आणि त्यांचा संबंध आमच्या वाचकांच्या दोन गावांशी आहे. १८४४ मध्ये सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रण त्यांनी इंदूरलाच हाती घेतले आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्यासह मध्य भारतातील वास्तूंचा दौरा करून त्यांनी घेतलेली चित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. ग्रंथाचे नावच ‘मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तू’ अशा अर्थाचे होते. त्यानंतर हैदराबादच्या सहाव्या निजामांच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. त्यांच्या चित्रांत वास्तू कशी उभी आहे हे आधी कळते आणि ती किती सुंदर आहे हे मागाहून. हा नकाशे काढणाऱ्या हाताचा संस्कार आहे, असे आमचे मत आहे. कोन ठरवला तो वास्तू समजावी म्हणून. पुढच्या शंभर वर्षांत चित्रपत्रे, दिनदर्शिका आणि पाठ्यपुस्तके यांनी अशाच कोनांची इतकी आवृत्ती केली, की समजण्यासाठी शोधलेली जागा न पाहण्याची सवय होऊन बसली.

म्हणून विश्वनाथाचा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. ठराविक कोनातले चित्रकोडे खरोखरच दर्शनाच्या आड येते. पण कोन मोडला, की तेच कोडे दर्शन घडवते. छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा घ्यावा. दुरून, समोरून घेतलेल्या चित्रात त्याला ताजमहाल म्हणणारे कितीतरी भेटतात. जवळून घेतलेल्या चित्रात मात्र भिंतीचा खालचा पट्टा संगमरवरी आणि वरचा भाग चुन्याच्या गिलाव्याचा दिसतो. संगमरवर पुन्हा घुमटावरच भेटतो. मनोरेही इमारतीला अधिक खेटून उभे वाटतात. औरंगजेबाच्या काळात हात किती आखडलेला होता, हे त्या गिलाव्याच्या रेषेवर वाचता येते. एका रेषेवरून वास्तू ओळखणारा माणूस केवळ नाव सांगत नाही. तो थोडासा इतिहासही सांगतो.

आता या खेळातील ‘प्रसिद्ध’ या शब्दाकडे येऊ, कारण आम्हांला सर्वांत जास्त बोचते ते येथे. प्रसिद्ध कोण ठरवतो? मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे चित्र २००९ पासून घराघरांत ओळखले जाते. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीचा रेल्वेपूल जून २०२५ मध्ये खुला झाला आणि काही दिवसांत तोही ओळखीचा झाला. पण भरूचचा गोल्डन ब्रिज? १८८१ मध्ये नर्मदेवर झालेला हा लोखंडी पूल बडोद्याकडून सुरतेकडे गेलेल्या किती मराठी घरांनी ओलांडला असेल! आधीची कामे पुन्हा पुन्हा वाहून गेल्याने त्यावर इतका पैसा ओतला गेला, की सोन्याचाच पूल झाला असता, असे त्याच्या नावाचे कारण लोक सांगतात. २०२१ मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि जुन्याचे काम संपले. त्याचे चित्र आम्ही पाहिलेल्या एकाही कोड्यात आढळले नाही. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा सतराव्या शतकातील लांब दगडी सेतू तर पूल म्हणून ओळखूच येत नाही. वरून जाणाऱ्याला तो रस्ता वाटतो. हैदराबादचा १५७८ चा पुराणापूल, मुसीचे १९०८ मधील अक्राळविक्राळ रूप पाहिलेला, बाजाराच्या गर्दीत हरवून जातो.

आणि काही पुलांची चित्रे आपण पहिल्यांदा पाहतो ती ते पडल्यानंतर. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्यासोबत राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या गेल्या. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी बडोदा आणि आणंद या जिल्ह्यांना जोडणाऱ्या, मही नदीवरील गंभीरा पुलाचा एक गाळा कोसळला. किमान वीस माणसे गेली. तुटक्या कडेवर अडकून राहिलेल्या टँकरचे चित्र त्या दिवशी देशभर पाहिले गेले. १९८५ पासून तो पूल वाहता होता. रोज त्यावरून दूध, भाजी, विद्यार्थी आणि नोकरदार जात होते. त्यात देखणे काही नव्हते, म्हणून तो कोणाच्या नजरेत नव्हता. आम्ही असे म्हणत नाही, की चित्रकोड्यात घातला असता तर तो वाचला असता. दुर्घटनांची कारणे देखभाल, तपासणी आणि जबाबदारी यांत असतात. परंतु ज्या समाजाला सातासमुद्रापलीकडचे पूल चेहऱ्याने ठाऊक आहेत आणि रोजचा पूल ठाऊक नाही, त्या समाजाच्या पाहण्यात काहीतरी उणे आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेतो. पुलाच्या सांध्यांतून उगवलेले रोप, उघडी पडलेली सळई, खांबाच्या पायथ्याशी वाहून गेलेली माती यांकडे लक्ष जाण्यासाठी आधी त्या पुलाकडे पाहण्याची सवय लागते.

शेवटचा मुद्दा काळाचा. आज कोणतेही छायाचित्र मोबाइलला दाखवले, की यंत्र बहुधा क्षणात नाव सांगते. त्यामुळे हा खेळ संपला, असे काही मंडळी म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. संपला तो नाव विचारण्याचा खेळ. २०१३ मध्ये एका स्वीडिश तरुणाने काढलेल्या ‘जिओगेसर’ या खेळाने मार्ग दाखवून दिला आहे. त्यात खेळाडूला जगातील एखाद्या रस्त्यावर सोडतात आणि ठिकाण ओळखावयास सांगतात. तेथे प्रसिद्ध वास्तू सहसा नसतेच. विजेचे खांब, रस्त्यावरच्या पट्ट्या, मैलाचे दगड, मातीचा रंग यांवरून तर्क करावा लागतो. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचे डोके पिवळे आणि राज्य महामार्गाचे हिरवे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तेथे उपयोग होतो. सामान्य वस्तू साक्षीदार होतात, हा त्या खेळाचा मोठा गुण आहे. दण्डीने सांगितलेला, जाणत्यांनी गर्दीतही एकमेकांची भाषा ओळखण्याचा उपयोग येथे नव्या रूपात परत आला आहे.

तेव्हा आमच्या मंडळांनी हा खेळ पुढे चालवावा, पण नियम बदलून. नावाला एक गुण आणि कारणाला तीन गुण द्यावेत. ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर चित्रावर बोट ठेवून देता आले, तरच कारण ग्राह्य धरावे. यंत्राने सांगितले हे कारण नव्हे. दहा चित्रांपैकी निदान चार आपल्या जिल्ह्यातील असावीत आणि त्यांपैकी एक तरी असा पूल असावा ज्यावरून सभेतील बहुतेक जण त्या आठवड्यात गेले आहेत. ज्या चित्राची खूण चित्रात नाही, केवळ धुके वा सावली आहे, ते दुष्ट प्रहेलिका म्हणून बाजूस ठेवावे.

आणि एक चित्र घरच्या पेटीतले असावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथील जुन्या घरांत अशी छायाचित्रे अजून आहेत : फेटा बांधलेले आजोबा, सोबत दोन मुले, मागे कठडा आणि अस्पष्ट नदी. मागे नाव नाही, साल नाही. यंत्राला आयफेल ठाऊक आहे. हा कठडा त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती नर्मदा की क्षिप्रा, मही की मुसी, आणि तो प्रवास कामावर रुजू होण्याचा की लग्नाचा, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांना सभेच्या पहिल्या रांगेत बसवून हे चित्र दाखवावे, त्यांनी सांगितलेले कारण कोणीतरी लिहून घ्यावे, आणि घरी परतल्यावर छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने, नाव व साल घालावे.